मेंदूचं ऑपरेशन आणि हिरवी उलटी

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या न्यूरो वॉर्डात जुन्नर, बारामती, थेट सोलापूरकडची मुलंही असतात. गाठ काढून पंधरा दिवस झालेले, टाके वाळलेले, घरी जायची भाषा सुरू, आणि मूल पुन्हा ओकायला लागतं. किडनी ट्रेमध्ये हिरवं पाणी. आई म्हणते, "पित्त पडलं, आता बरं वाटेल." सिस्टर मात्र ट्रे बघून डॉक्टरांना फोन लावते.

अशा मुलाच्या उलटीचं कारण आधी डोक्यातच शोधतात, आणि ते योग्यच. मेंदूवरचा दाब वाढला किंवा शंट (मेंदूतलं जादा पाणी पोटात सोडणारी नळी) अडला तरी उलट्या होतात. पण सीटीत नवं काही नसलं तर?

मेंदूच्या आजारात जठराला व्रण होतात, हे व्हिएन्नाच्या रोकितान्स्की या डॉक्टरने १८४०च्या दशकात शवविच्छेदनात टिपलं होतं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे मेंदूची गाठ काढल्यावर अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांचे काही रुग्ण दगावले, तेही जठराला भोक पडून. १९३२मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं. मेंदूतून जठराकडे जाणारी व्हेगस नस चाळवली की आम्ल बेसुमार सुटतं, अशी ती संगती. या व्रणांना आजही कुशिंगचंच नाव आहे. त्यात उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट होते. १९६०च्या दशकात मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आलं, त्यामुळे पोटाची काळजी आणखी वाढली. १९७६मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध आल्यावर आम्लाला लगाम बसला. आता सलाइनबरोबर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन ठरलेलंच असतं, म्हणून हा प्रकार क्वचित दिसतो.

शंटची गोष्ट वेगळी. मेंदूतलं पाणी पोटात सोडायची युक्ती चांगली, पण कधी नळीच्या टोकाशी पाण्याची पिशवी तयार होते, आणि त्यानेही उलट्या होतात. अगदी विरळा, नळी आतडं भेदून शीच्या वाटेने बाहेर येते. आईबापांची तेव्हा काय अवस्था होत असेल!

हिरव्या उलटीचं एक विरळ कारण याहून साधं आहे. महाधमनी आणि तिच्यातून आतड्याला रक्त पुरवणारी रोहिणी, या दोहोंच्या बेचक्यातून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जातो. बेचक्यात चरबीची उशी असते. मूल आठवडेच्या आठवडे उताणं पडलं, झपाट्याने वाळलं, की उशी झिजते आणि आतडं चिमटीत सापडतं. एडिंबराचे सर्जन विल्की यांनी १९२७मध्ये अशा ७५ रुग्णांची हकिगत छापली. त्यांच्या नावानेही हा आजार ओळखतात.

घोळ आपल्या शब्दात आहे. आंबट ढेकर म्हणजेही पित्त आणि हिरवं पाणी म्हणजेही पित्तच. हिरवा रंग आतड्याची पुढची वाट अडल्याची खूण असू शकतो, त्यामुळे "पडलं ते बरं झालं" म्हणून चालत नाही.

विल्कीच्या आजारात बहुतेकदा चाकू लागत नाही. मुलाला डाव्या कुशीवर किंवा पालथं निजवतात, नाकातली नळी अडथळ्याच्या पुढे सरकवून थेंबथेंब फीड देतात. चार-दोन किलो वजन चढलं, की उशी परत भरते. तोवर रोज सकाळी वजनकाटा कॉटजवळ येतो.