ब्राउझरमधील व्हिडिओ अडखळणे

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या व्हिडिओचे चित्र सलग न दिसता झटके देत, फ्रेम्स (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रे) गाळत किंवा मध्येच थांबत पुढे सरकणे. 'व्हिडिओ अटकतोय' या एकाच तक्रारीत दोन निराळे बिघाड मिसळलेले असतात : माहिती वेळेवर येत नाही, किंवा आवळून पाठवलेली ती माहिती यंत्राला वेळेवर उलगडता येत नाही. पहिला दोष नेटचा, दुसरा यंत्राचा. शिव्या मात्र बहुतेक वेळा नेटलाच बसतात.

चित्र आणि आवाज एकदम थांबून पडद्यावर गोल चक्र फिरू लागले, तर बफर, म्हणजे पुढच्या भागाचा आधीच उतरवून ठेवलेला साठा, संपलेला असतो. आवाज व्यवस्थित चालू आहे आणि चित्र तेवढे धक्के खात आहे, तर उलगडणी मागे पडलेली असते. आवाज उलगडायला फारसे कष्ट लागत नाहीत आणि प्लेअर वेळेचा ताळमेळ आवाजाशी ठेवतो. उशिरा तयार झालेल्या फ्रेम्स तो सरळ टाकून देतो. सेकंदाला ६० फ्रेम्सच्या व्हिडिओत एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत ३३.३. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात, म्हणजे ६० फ्रेम्सना सेकंदाला जवळपास ५० कोटी. जुन्या प्रोसेसरला एवढे झेपत नाही.

दर्जा १०८०पी वरून ४८०पी वर आणला आणि व्हिडिओ सुरळीत झाला, म्हणून नेट दोषी ठरत नाही. दर्जा उतरवला की नेटवरचे आणि प्रोसेसरवरचे, दोन्ही ओझी हलकी होतात. खरी परीक्षा अशी : दर्जा तोच ठेवून व्हिडिओ थांबवावा, पुढचा भाग भरू द्यावा आणि मग चालवावा. भरलेल्या भागातही झटके बसले, तर राउटरला हात लावण्यात अर्थ नाही.

यूट्यूबवर हे आकड्यांत पाहता येते. व्हिडिओवर उजवी क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडले की कोपऱ्यात एक काळी चौकट उघडते. त्यातल्या तीन ओळी कामाच्या. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचे किती सेकंद हाताशी आहेत. हा आकडा घसरत शून्याकडे गेला तर नेट कमी पडते. 'फ्रेम्स'च्या ओळीत १८०० पैकी ४५० ड्रॉप झाल्याचे दिसले, तर ६० फ्रेम्सच्या व्हिडिओत अर्ध्या मिनिटातला पाव भाग पडद्यावर आलाच नाही. सुरुवातीला किंवा पूर्ण पडदा करताना पाचदहा फ्रेम्स गळणे नेहमीचेच. चालू व्हिडिओत आकडा चढतच राहिला तर तो दोष. तिसरी ओळ 'कोडेक्स'ची, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतींची. बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती हीच.

तिथे 'एव्हीसी१' असेल तर व्हिडिओ एच.२६४ मध्ये आहे, 'व्हीपी०९' म्हणजे व्हीपी९ आणि 'एव्ही०१' म्हणजे एव्ही१. नवा कोडेक तेवढ्याच दर्जासाठी कमी डेटा खातो, पण उलगडायला जड असतो. ग्राफिक्स चिपमध्ये त्यासाठी खास सर्किट असेल तर हा भार जाणवतही नाही. नसेल तर सगळा प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीपी९ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून (२०१६) आणि एव्ही१ची अकराव्या पिढीपासून (२०२०) आली. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर चांगल्या नेटवरही एखादा व्हिडिओ रखडतो आणि दुसरा मजेत चालतो. यावर 'एच२६४इफाय' हे एक्स्टेंशन टाकतात. ते यूट्यूबकडून जुना कोडेक मागवते. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:कॉन्फिग'मधील 'मीडिया.एव्ही१.एनेबल्ड' फॉल्स केले की एव्ही१ बंद होतो. मात्र यूट्यूब एच.२६४ मध्ये १०८०पी च्या वर देत नाही आणि त्याच दर्जासाठी डेटाही जास्त जातो.

चिप सक्षम असूनही ब्राउझर ती वापरत नसेल, असेही होते. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथे ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशनचा खटका चालू हवा. स्क्रीन शेअर करताना व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसतो म्हणून पुष्कळ जण तो बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात. बदलानंतर ब्राउझर पुन्हा सुरू करावा लागतो. मग 'क्रोम://जीपीयू' हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टंकून 'व्हिडिओ डीकोड' पुढे 'हार्डवेअर अ‍ॅक्सलरेटेड' आहे का ते पाहावे. फायरफॉक्समध्ये हीच माहिती 'अबाउट:सपोर्ट' पानावर मिळते. शंका उरलीच तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू (ग्राफिक्स चिप) खालचा 'व्हिडिओ डीकोड' आलेख पाहावा : व्हिडिओ चालू असताना तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभरीला, म्हणजे चिप बसून आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसले, तर ड्रायव्हरच (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) नाही. तो लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यावा. लिनक्सवर फायरफॉक्सने इंटेल चिपसाठी ही सोय आपोआप चालू केली ती ११५व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये.

पहिली दहा मिनिटे ठीक आणि मग झटके, असे असेल तर उष्णता तपासावी. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवेची भोके बुजतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. बॅटरी सेव्हरही वेग उतरवतो. लेक्चर दुप्पट वेगाने पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की उलगडणीचे कामही दुप्पट होते. एखाद्या एक्स्टेंशनचा संशय असेल तर तोच व्हिडिओ इन्कॉग्निटो खिडकीत पाहावा. तिथे एक्स्टेंशन सहसा बंद असतात.

नेटच्या बाजूने, यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे ७२०पी ला २.५, १०८०पी ला ५ आणि फोर-के ला २० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतात. स्पीड टेस्टमध्ये याहून जास्त दिसूनही चक्र फिरते, तेव्हा वेग मधूनमधून कोसळत असतो. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पाहिला की वायफायचा दोष लगेच वेगळा पडतो.

एक प्रकार दोषच नव्हे. २४ फ्रेम्सचा चित्रपट ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, पडद्यावर चालताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, म्हणून कॅमेरा संथपणे फिरतो तेव्हा चित्र थरथरते. ड्रॉपचा आकडा शून्यच राहतो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम पाचदा येते आणि थरथर जाते. भारतीय टीव्हीवरून घेतलेले २५ फ्रेम्सचे चित्रणही ६० हर्ट्झमध्ये सम बसत नाही. मॉनिटरला ५० हर्ट्झ चालत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये तेवढ्यापुरते बदलून पाहावे.