शेजाऱ्यांचे सामायिक चलन : रुपयाच्या अनुभवाची पार्श्वभूमी

शेजारी देशांनी एकच चलन वापरावे की नाही, या प्रश्नावरची आपल्याकडील चर्चा बहुधा युरोपापासून सुरू होते आणि तिथेच संपते. ही चर्चा अपुरी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकच रुपया ढाक्यापासून कराचीपर्यंत आणि समुद्रापलीकडे कुवेत-बहरीनपर्यंत चालत होता. तो तुटला तेव्हा त्याचे परिणाम मुंबईतल्या गिरण्यांनी, कापसाच्या व्यापाऱ्यांनी आणि झवेरी बाजाराने प्रत्यक्ष सोसले. म्हणून या टिपणात १९४७ ते १९६६ या काळाला मी मुद्दाम अधिक जागा देत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ब्रिटिश अमलात रुपया पूर्व आफ्रिका, एडन आणि आखाती अमिराती येथे रोजच्या व्यवहाराचे चलन होता. आखातातला मोत्यांचा व्यापारी मुंबईत माल विकून हाती आलेल्या रुपयांतच तांदूळ, कापड आणि इमारती लाकूड भरून परतत असे. त्याला चलन बदलण्याचा खर्च नव्हता आणि वाटेत दर घसरण्याची भीती नव्हती. सामायिक चलनाचा हा सर्वांत उघड फायदा होय. मात्र रुपयाचे मोल ठरवणाऱ्यांत या व्यापाऱ्याचा किंवा त्याच्या शेखाचा कसलाही वाटा नव्हता. पूर्व आफ्रिकेत १९२० च्या सुमारास आणि एडनमध्ये १९५१ मध्ये रुपयाची जागा दुसऱ्या चलनांनी घेतली. आखातात तो टिकून राहिला.

फाळणीनंतर काही महिने दोन स्वतंत्र देशांचे चलन एक होते आणि मुंबईत मुख्यालय असलेली मध्यवर्ती बँक दोन्ही सरकारांची बँक होती. ही व्यवस्था सप्टेंबर १९४८ अखेरपर्यंत चालावी असे ठरले होते. पंचावन्न कोटींच्या वादाची राजकीय बाजू मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. चलनाच्या दृष्टीने त्यात महत्त्वाचे एवढेच, की ज्या बँकेत दोन्ही सरकारांची खाती होती ती बँक एका सरकारच्या भूमीवर आणि त्याच्या कायद्याखाली होती. तिच्या निःपक्षपातीपणावर दुसऱ्या सरकारचा विश्वास राहणे कठीणच होते. एप्रिल १९४८ पासून पाकिस्तान सरकारचा ठसा छापलेल्या नोटा वेगळ्या झाल्या. संयुक्त व्यवस्था मुदतीआधीच, ३० जून १९४८ रोजी, संपली आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानची स्वतंत्र मध्यवर्ती बँक सुरू झाली. तरीही दोन्ही रुपयांचे मोल समान असल्यामुळे व्यापाऱ्यांच्या वह्यांत फारसा फरक पडला नव्हता.

तो फरक सप्टेंबर १९४९ मध्ये पडला. ब्रिटनने पौंडाचे डॉलरमधील मोल ३०.५ टक्क्यांनी कमी केले आणि भारताने त्याच प्रमाणात रुपयाचे अवमूल्यन केले. तोवर सुमारे ३ रुपये ३० पैशांना मिळणारा डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा झाला. पाकिस्तानने मात्र आपला रुपया हलवला नाही. परिणामी शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये मोजावे लागणार होते.

या निर्णयाबद्दल अजूनही एकमत नाही. कराचीची, म्हणजे पाकिस्तानच्या तत्कालीन राजधानीची, बाजू अशी होती, की आपली निर्यात म्हणजे कच्चा ताग आणि कापूस. या मालाची मागणी दर थोडा उतरल्याने विशेष वाढत नाही, उलट चलन स्वस्त केले तर परदेशातून आणायची यंत्रसामग्री मात्र महागते. नव्या, कारखाने नसलेल्या देशाने चलन चढे ठेवावे, हा विचार अर्थशास्त्रदृष्ट्या टाकाऊ नव्हता. दिल्लीची बाजू अशी, की ज्या देशाशी सर्वांत मोठा व्यापार आहे त्याच्याशी सल्लामसलत न करता एका रात्रीत त्याचा कच्चा माल ४४ टक्क्यांनी महाग करणे हा आर्थिक निर्णय कमी आणि राजकीय अधिक होता. ज्या प्रदेशात तागाची शेते सीमेच्या एका बाजूला आणि जवळजवळ सगळ्या गिरण्या दुसऱ्या बाजूला होत्या, तिथे या म्हणण्यातही तथ्य होते.

भारताने पाकिस्तानचा नवा दर मानण्यास नकार दिला. दर मान्य नाही म्हणजे हुंडी कोणत्या भावाने वटवायची हे ठरत नाही, आणि ते ठरत नाही तोवर माल हलत नाही. काही आठवड्यांतच उभय देशांतील व्यापार जवळपास थांबला. पूर्व बंगालचा ताग कोलकात्याला पोहोचेना आणि भारताने कोळसा रोखला. मुंबईतील गिरण्यांना सिंध आणि पश्चिम पंजाबातील कालव्यांवर पिकणारा, तुलनेने लांब धाग्याचा कापूस लागत असे. हा पुरवठा आटल्यावर त्यांना दूरच्या देशांतून, आधीच दुर्मीळ झालेले परकीय चलन खर्चून, कापूस आणावा लागला. देशात धान्याची टंचाई असताना ताग आणि कापूस यांच्या लागवडीसाठी जमीन वळवण्याची मोहीम हाती घ्यावी लागली, हा त्याचा दूरगामी परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही.

जून १९५० मध्ये कोरियातील युद्ध पेटले आणि ताग-कापसाचे जागतिक भाव भडकले. त्यामुळे पाकिस्तानचा निर्णय योग्य ठरल्यासारखा दिसला. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य करून व्यापार करार केला. युद्धाची तेजी ओसरल्यावर चित्र उलटले आणि १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन करून पुन्हा ४ रुपये ७६ पैशांचा दर स्वीकारला. म्हणजे सहा वर्षांनी दोन्ही रुपये परत समान झाले, पण तोवर पाकिस्तानने स्वतःच्या ताग आणि कापड गिरण्या उभारल्या होत्या, भारताने स्वतःची लागवड वाढवली होती, आणि जुना व्यापार परत आला नाही. माझ्या मते मूळ निर्णयापेक्षा दर न मानण्याची दीड वर्षांची आडमुठी भूमिका अधिक नुकसानकारक ठरली. चढा दर परवडला नसता तर व्यापाऱ्यांनी सौदे कमी केले असते, पण त्यांना सौदा करण्याचीच सोय उरली नाही.

आखातातील रुपयाची अडचण वेगळ्या प्रकारची होती. स्वातंत्र्यानंतर भारताने सोन्याच्या आयातीवर निर्बंध घातले आणि मुंबईतील सोन्याचा भाव जागतिक भावाहून बराच चढा राहू लागला. दुबईत सोने विकत घेण्यास आडकाठी नव्हती. तिथून गलबतांनी सोने कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत उतरे आणि मोबदल्यात रुपयाच्या नोटा चोरून बाहेर जात. आखातातील बँका या नोटा गोळा करून भारताच्या मध्यवर्ती बँकेपुढे ठेवत आणि त्या बदल्यात पौंड मागत. चलन सामायिक असल्यामुळे ही मागणी नाकारता येत नव्हती. अशा रीतीने तस्करीच्या सोन्याची किंमत देशाच्या परकीय गंगाजळीतून चुकती होत होती, आणि तीही १९५७-५८ च्या विदेशी चलनटंचाईच्या ऐन काळात. यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकात झेड अक्षर असलेल्या नोटा काढल्या गेल्या. त्या भारतात चालत नव्हत्या. मोल मात्र भारतीय रुपयाइतकेच ठेवले होते.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचे दिनार आणले. उरलेल्यांना ६ जून १९६६ रोजी धक्का बसला. त्या दिवशी भारताने डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपये केला आणि दुबईच्या दुकानदाराच्या तिजोरीतील रुपयांचे डॉलरमधील मोल एक तृतीयांशाहून अधिक घटले. भारतातला दुष्काळ, युद्धाचा खर्च आणि मदत देणाऱ्या देशांचा दबाव यांच्याशी त्या दुकानदाराचा काही संबंध नव्हता. कतार आणि दुबई यांनी आधी तात्पुरता सौदी रियाल आणि मग त्याच वर्षी स्वतःचा रियाल स्वीकारला, अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये आखाती रुपया १९७० पर्यंत चालला. सामायिक चलनाचा फायदा सर्वांना थोडाथोडा आणि रोज मिळतो, तर तोटा एखाद्या संकटात एकदम आणि मुख्यतः दर ठरवण्यात वाटा नसलेल्यांना होतो, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सापडतो.

१९९९ मध्ये हिशेबात आणि २००२ मध्ये नोटा-नाण्यांत आलेल्या युरोने हा दोष टाळण्यासाठी सर्व सदस्यांना निर्णयात स्थान दिले. सरकारी तुटीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांची आणि सरकारी कर्जाला ६० टक्क्यांची मर्यादा १९९२ च्या करारातच होती. पण कर आणि खर्चाचे अधिकार प्रत्येक देशाकडेच राहिले. २००१ मध्ये सामील झालेल्या ग्रीसला जवळजवळ जर्मनीच्याच व्याजदराने कर्ज मिळू लागले, आणि २००९ च्या अखेरीस खरी तूट उघड झाली तेव्हा दिल्लीने १९४९ आणि १९६६ मध्ये वापरलेला अवमूल्यनाचा मार्ग त्याला मोकळा नव्हता. त्यामुळे वेतन, निवृत्तिवेतन आणि सरकारी खर्च यांत थेट कपात करावी लागली. उत्पादन सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. व्यापारवाढीचे दावेही काळाच्या कसोटीवर उतरले नाहीत. सामायिक चलनाने व्यापार तिप्पट होतो, असे २००० मध्ये एका गाजलेल्या अभ्यासाने म्हटले होते. युरोच्या प्रत्यक्ष अनुभवावरून पुढे निघालेले अंदाज त्याच्या कितीतरी खाली आले.

दक्षिण आशियासाठी एका चलनाची कल्पना डिसेंबर २००३ मध्ये तत्कालीन भारतीय पंतप्रधानांनी बोलून दाखवली होती, पण ती पुढे सरकली नाही. आखाती देशांनी २०१० पर्यंत एक चलन आणण्याचे ठरवले होते. त्यातून आधी ओमान बाहेर पडला आणि मे २००९ मध्ये संयुक्त बँकेचे मुख्यालय रियाधला देण्याच्या निर्णयानंतर संयुक्त अरब अमिरातीही. नेपाळने १९९३ पासून आपला रुपया १.६ ला एक भारतीय रुपया असा बांधून घेतला आहे. पण २०१६ मध्ये भारताने पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द केल्या तेव्हा नेपाळी नागरिकांकडील त्या नोटांच्या अदलाबदलीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. २०२२ पासून भारताने एक चलन न करता रुपयात व्यापाराचा हिशेब करण्याची मुभा दिली आहे आणि जुलै २०२३ मध्ये बांगलादेशाशी असा व्यापार सुरू झाला. मात्र बांगलादेश भारताला विकतो त्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक माल भारताकडून घेतो, त्यामुळे निर्यातीतून तो जितके रुपये कमावेल तितक्याच आयातीची किंमत त्याला रुपयात देता येते. उरलेली रक्कम मुख्यतः डॉलरमध्येच मोजावी लागते.