स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनमधील बदलांची निवड : कोकण किनारपट्टीच्या संदर्भात

गाडीची चाके आणि तिचा सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, शॉकअप, अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे कलणे कमी करणारी दांडी), आर्म (चाक सांगाड्याला जोडणारी दांडी), बॉल जॉइंट (सर्व दिशांना वळणारा सांधा) आणि रबरी बुश (सांध्यात बसणारी रबराची नळी) यांच्या एकत्रित रचनेला सस्पेन्शन म्हणतात. स्पोर्ट्स कारमध्ये ही रचना मुळातच साध्या प्रवासी गाडीपेक्षा कडक आणि बुटकी असते. त्यामुळे तिच्यात आणखी बदल करताना वळणावरची पकड, ब्रेक लावतानाचे स्थैर्य, स्टिअरिंगचा प्रतिसाद आणि बसणाऱ्याचा आराम यांचा मेळ घालावा लागतो. बाजारातले बरेच तयार संच शर्यतीचे गुळगुळीत मार्ग किंवा युरोप-जपानमधील रस्ते डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले असतात. कोकण किनारपट्टीवर ते जसेच्या तसे बसवले, तर गाडी दिसायला देखणी होते, पण रस्त्याला धरून चालत नाही. येथे चाकाला वर-खाली होण्यासाठी मिळणारा पल्ला ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि कोणताही सुटा भाग घेताना तो भाग या पल्ल्यातला किती हिस्सा खाणार, हे आधी पाहावे लागते.

रस्त्यांचे स्वरूप : पनवेलहून महाड, चिपळूण, हातखंबा, कणकवली, कुडाळ असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६, त्याला देशावर नेऊन जोडणारे कुंभार्ली, आंबा, आंबोली यांसारखे घाट आणि रेवसपासून रेडीपर्यंत खाड्या ओलांडत जाणारा सागरी मार्ग, असे तीन प्रकारचे रस्ते एकाच गाडीच्या वाट्याला येतात. महामार्गाच्या काँक्रीटच्या भागात साधारण साडेचार मीटरवर सांधा येतो. ताशी ८० किमी वेगाने जाताना चाकांना सेकंदाला सुमारे पाच लहान हादरे बसतात. घाटात आवळ वळणे, बाहेरच्या बाजूस खचलेली साइडपट्टी आणि डोंगरावरून वाहून आलेली जांभ्याची लाल माती असते. सागरी मार्ग अरुंद, गावागावांतून जाणारा आणि गतिरोधकांनी भरलेला आहे. किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिमी पाऊस पडतो, तर आंबोलीत तो सात हजार मिमीच्या घरात जातो. वर्षातले चार महिने ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर जी गाडी चालते, तिच्या टायरवरचा भार क्षणाक्षणाला कमी-जास्त होऊ न देणे हेच पकडीचे मुख्य साधन असते.

स्प्रिंगचा कडकपणा आणि पल्ला : स्प्रिंग किती कडक आहे हे नुसत्या न्यूटन प्रति मिमी या आकड्यावरून कळत नाही, कारण त्या स्प्रिंगवर किती वजन येते आणि आर्मच्या तरफेमुळे तिचा परिणाम चाकापर्यंत किती पोहोचतो, यावर सारे अवलंबून असते. म्हणून अभियंते सांगाड्याच्या नैसर्गिक वारंवारतेत, म्हणजे हादरा बसल्यावर तो आपोआप सेकंदाला किती वेळा वर-खाली होतो या आकड्यात बोलतात. आरामदायी गाडीत ती सेकंदाला १ ते १.५ आंदोलने, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये साधारण १.५ ते २, आणि शर्यतीच्या गाडीत त्याहून बरीच जास्त असते. समजा, पुढच्या एका चाकावर सांगाड्याचे ३१० किलो वजन आहे. दीड आंदोलनांसाठी चाकापाशी सुमारे २७.५ न्यूटन प्रति मिमी कडकपणा लागतो आणि गाडी उभी असताना तेवढ्या भाराने चाकापाशी सुमारे ११० मिमी दाब येतो. हीच वारंवारता दोनवर नेली, की कडकपणा ४९ न्यूटन प्रति मिमीवर जातो आणि हा स्थिर दाब अवघा ६२ मिमी उरतो. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा ते खाली ढकलायला हाच साठवलेला दाब उपयोगी पडतो. कडक स्प्रिंगच्या गाडीत ६२ मिमी खाली गेल्यावर स्प्रिंग पूर्ण सैल पडते, आणि खड्डा त्याहून खोल असला तर चाक काही क्षण अधांतरी राहते. शर्यतीच्या मार्गावर हा प्रसंग क्वचित येतो, पण पहिल्या जोरदार पावसानंतरच्या घाटात तो वळणागणिक येऊ शकतो.

दाबण्याच्या दिशेचा पल्लाही तितकाच महत्त्वाचा आहे. मूळ गाडीत बम्प स्टॉपला (पल्ल्याच्या शेवटी धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत ७५ मिमी जागा असेल आणि गाडी ३० मिमी खाली आणली, तर ४५ मिमीच उरते. बम्प स्टॉप दाबला गेला की त्या चाकाचा कडकपणा एकाएकी वाढतो, आणि हे भर वळणात घडले तर टायर सुटतो. स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली आणण्याची पद्धत तर पूर्णपणे त्याज्य आहे. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही आणि शॉकअप मात्र जुनाच राहतो.

कडक स्प्रिंगमुळे वळणात बाहेरच्या चाकांकडे सरकणारे वजन कमी होते, असा समज मोठ्या प्रमाणावर आढळतो. प्रत्यक्षात एकूण किती वजन सरकेल हे मुख्यतः गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणातला वेग यांवर ठरते. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार हे वजन पुढच्या आणि मागच्या जोडीत कसे वाटले जाते एवढेच बदलतात. पुढचा बार जाड केला की गाडी वळणाबाहेर ओढते, मागचा जाड केला की शेपूट सुटण्याकडे कल होतो. बारचा पीळ-कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून २० मिमीचा बार २२ मिमीचा केला तरी तो सुमारे ४६ टक्के कडक होतो. शिवाय बार डाव्या-उजव्या चाकांना बांधून ठेवतो आणि एकाच बाजूचे चाक खचलेल्या साइडपट्टीत उतरले, तर तो धक्का दुसऱ्या चाकालाही पोहोचतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार फार कडक असला, तर घाटातल्या चढत्या आवळ वळणावर आतले चाक हलके होऊन नुसते फिरते. बार बदलायचाच असेल, तर एका वेळी एकच आणि एकाच पायरीने जाड घ्यावा.

शॉकअप : कोकणातल्या मालकाने पैसा कुठे घालावा याचे उत्तर बहुतेक वेळा येथेच मिळते. स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकअप ती तेलाच्या घर्षणातून उष्णता करून घालवतो. स्प्रिंगची वारंवारता दीडवरून दोनवर नेली, तर आंदोलने पूर्वीइतक्याच हेलकाव्यांत शमवण्यासाठी शॉकअपचा विरोध सुमारे एक तृतीयांशाने वाढावा लागतो. म्हणूनच जुन्या शॉकअपवर नुसती बुटकी स्प्रिंग चढवलेली गाडी उसळत राहते. याउलट मूळ उंचीची स्प्रिंग ठेवून चांगला शॉकअप घातला, तर पल्ला तसाच राहतो आणि सांगाडा आटोक्यात येतो. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी रस्त्यावरच्या गाड्यांत हाच मार्ग धरला होता. १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलानच्या स्प्रिंगा मऊ होत्या, तरीही ती वळणावरच्या चपळाईसाठी नावाजली गेली.

निवड करताना दट्ट्याच्या वेगानुसार शॉकअप कसा वागतो हे विचारावे. हा वेग गाडीचा नव्हे, शॉकअपमधील दट्ट्याचा आहे. गाडी वळणात कलते किंवा ब्रेकने पुढे झुकते तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो, तर खड्ड्याच्या काठावर तो झटक्याने सरकतो. संथ हालचालीला भक्कम विरोध करणारा आणि झटक्याला वाट करून देणारा शॉकअप या रस्त्यांना मानवतो. कोनी कंपनीचे वारंवारतेनुसार आपोआप मऊ होणारे शॉकअप याच विचाराचे आहेत. बिलस्टाइनच्या मालिकेत बी-६ हा मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी-८ हा खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड केलेला आहे. येथे बी-६ सारखा पर्याय सयुक्तिक ठरतो.

एकनळी शॉकअपमध्ये नायट्रोजन वायू तरंगत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो, म्हणून तेलात फेस होत नाही आणि उष्णता बाहेरच्या नळीतून थेट निघून जाते. मात्र त्याच नळीत दट्ट्या फिरत असल्याने दगडाचा जोरदार घाव बसून पोचा पडला, तर तो अडकतो. दुहेरी नळीचा शॉकअप असा घाव पचवतो, पण सतत खडबडीत रस्त्यावर लवकर तापतो. खडी उखडलेल्या रस्त्यांवर नेहमीचे येणे-जाणे असणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा.

उंची : भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. २,४५० मिमी चाकांतर असलेली पोर्शे ९११ त्याच्या मधोमध आली, की चारही चाके गतिरोधकावरच असतात आणि पोटाखालची जागा फक्त ४४ मिमीने घटते. पण वाडीच्या तोंडाशी हाताने घातलेला अरुंद उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये मावतो, आणि तो १० सेंमी उंच असेल तर पूर्ण १०० मिमी जागा जाते. गाडीखाली १२० मिमी जागा असली, तर उरतात २० मिमी, आणि दोन माणसे व सामान बसल्यावर तेवढीही उरत नाही. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ येथे फेरीबोटीवर चढताना अडचण वेगळी असते. धक्क्याची उतरंड आणि बोटीची फळी यांतला कोन भरती-ओहोटीनुसार बदलतो आणि पुढचा बम्पर आधी टेकतो. त्यामुळे येथे १० मिमीपेक्षा जास्त खाली आणणे टाळावे. पुष्कळ गाड्यांना मूळ उंचीच योग्य असते. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉकअपभोवती स्प्रिंग असलेले, आट्या फिरवून जुळवायचे संच) घेतले तरी त्यांचा खरा लाभ चारही कोपऱ्यांवरचे वजन नीट वाटण्यात आहे.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअपच चाकाचा वरचा आधार असलेल्या रचनेच्या) गाडीत आणखी एक गुंता आहे. ती खाली आणली की खालचा आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे वर झुकतो, गाडीचे कलण्याचे केंद्र गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली उतरते आणि दोघांमधील अंतर वाढून गाडी उलट अधिक कलू पाहते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांडीचा) कोनही बिघडतो, आणि मग प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग हाताला झटके देते.

बुश, गंज आणि खारी हवा : पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा कमी दबतात, म्हणून स्टिअरिंग नेमके वाटते, परंतु ते पीळ सोसत नाहीत, घसरून फिरतात, त्यामुळे त्यांना ग्रीस लागते आणि लाल मातीची पूड आत शिरली की ते कुरकुरू लागतात. पुढच्या अँटी-रोल बारला ते ठीक, अनेक दिशांनी वळणाऱ्या मागच्या आर्मला नवे रबरी बुशच बरे. रबरी बुश बसवताना गॅरेजमध्ये एक चूक नेहमी होते. गाडी लिफ्टवर लोंबकळत असतानाच आर्मचा बोल्ट घट्ट आवळला जातो. रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेले असल्याने गाडी खाली उतरताच ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि थोड्याच महिन्यांत फाटते. चाकांवर वजन आल्यावरच हा बोल्ट शेवटचा आवळावा.

समुद्रालगत राहणाऱ्या गाडीत कॉइलओव्हरच्या पोलादी आट्यांवर ॲल्युमिनियमची कडी जाम होते, कारण खाऱ्या ओलाव्यात पोलादाला लागून असलेले ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. केडब्ल्यूसारखे उत्पादक आट्यांची नळी स्टेनलेस स्टीलची देतात. तिची जास्तीची किंमत रत्नागिरी किंवा मालवणात वसूल होते. फेरीबोटीच्या प्रवासानंतर आणि पावसाळ्यात वरचेवर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, आट्या नायलॉनच्या ब्रशने साफ कराव्यात आणि दांड्यावरचे रबरी बूट फाटले नाहीत ना ते पाहावे. फाटक्या बुटातून गेलेली माती दांडा खरवडते आणि तेलगळती सुरू होते.

व्हील अलाइनमेंट : प्रत्येक बदलानंतर ते करावेच लागते. जास्त ऋण कॅम्बरने (चाकाचा माथा आत झुकलेला असल्याने) टायरची आतली कड झिजते. रुंद टायरची नक्षी तेथे संपली, तर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. रस्त्यावरच्या वापराला उणे दीड अंशाच्या आसपासचा कॅम्बर बहुधा पुरतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांविरुद्ध निर्णय दिला. केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवावा व काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

क्रम आणि चाचणी : प्रथम चांगले टायर, नंतर झिजलेले बुश, बॉल जॉइंट व स्ट्रट माउंट (स्ट्रटची वरची बैठक) नवे करणे, त्यानंतर अलाइनमेंट, मग शॉकअप आणि सर्वांत शेवटी बार किंवा स्प्रिंग असा क्रम ठेवल्यास प्रत्येक बदलाचा परिणाम वेगळा ओळखता येतो. पहिल्या तीन गोष्टी झाल्यावरच अनेक गाड्या इतक्या सुधारतात की पुढचा खर्च अनावश्यक वाटू लागतो. पल्ला पुरतो की नाही हे मोजायला साधी केबल टाय पुरते. बूट वर सरकवून शॉकअपच्या दांड्यावर ती घट्ट बांधावी, नळीच्या तोंडाशी टेकवावी आणि नेहमीच्या सामानासह नेहमीच्या घाटातून गाडी एकदा नेऊन आणावी. टाय बम्प स्टॉपपर्यंत ढकलली गेली असेल, तर त्या चाकाचा पल्ला संपतो आहे. अशा गाडीची उंची वाढवावी किंवा झटक्याच्या हालचालीतला शॉकअपचा विरोध एकेका क्लिकने (जुळवणीच्या एकेका पायरीने) वाढवून तोच रस्ता पुन्हा धरावा. पावसाळ्याच्या तोंडाशी हीच चाचणी ओल्या रस्त्यावर कमी वेगाने करून रिबाउंड (शॉकअप लांबतानाचा विरोध) दोन-तीन क्लिक मऊ ठेवला, तर खड्ड्यात उतरलेले चाक रस्त्याला लवकर टेकते.