मजा संपते, तलफ उरते

‘आता मजा कसली येतेय? पण सात वाजले की पाय तिकडेच वळतात.’ दारू सोडू पाहणारा माणूस हे हमखास बोलतो आणि घरच्यांना तो बहाणा वाटतो. तो बहाणा नसतो. मजा आणि तलफ यांच्या वाटा मेंदूत खरोखरच वेगळ्या आहेत.

अल्कोहोलचा रेणू चिमुकला, जेमतेम नऊ अणूंचा. रक्तातून तो मेंदूत सहज शिरतो आणि एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी ढवळाढवळ करतो. ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतो, म्हणून जीभ जड होते, अंग सैल पडतं. (रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये. मेंदूला या शांतवण्याची सवय झालेली असते, फिट येऊ शकते.)

सुखाचं काम एंडॉर्फिनकडे. ही मेंदूची घरची अफूच, आणि पिताना ती पाझरते. मध्यमेंदूत डोपामाइन बनवणाऱ्या पेशींचा पुंजका असतो आणि शेजारच्या पेशी त्यांना सतत आवरून धरतात. एंडॉर्फिन या आवरणाऱ्यांनाच गप्प करतं. लगाम सुटतो, डोपामाइन उसळतं.

डोपामाइनला सर्रास ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते मला पटत नाही. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं. तोंडात साखरेचं पाणी सोडलं की ते उंदीर पूर्वीसारखेच मिटक्या मारत. मात्र समोरच्या अन्नाकडे आपणहून वळत नसत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. व्यसनात याच्या उलट होतं, हे त्यांनी १९९३ साली मांडलं: गोडी ओसरते, ओढ तीव्र होत जाते.

नाल्ट्रेक्सोन ही गोळी एंडॉर्फिनची जागा अडवते. अमेरिकेत तिला दारूच्या व्यसनासाठी १९९४ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या पेगमागे दुसरा घ्यावासा वाटणं तिने बऱ्याच जणांत कमी होतं, सगळ्यांत नाही.

समुपदेशक सांगतात, कामावरून घरी जायचा रस्ता बदला. मला हा सल्ला गोळीइतकाच शास्त्रीय वाटतो. बारची पाटी दिसली, ग्लासात बर्फ वाजला, की डोपामाइनच्या पेशी जाग्या होतात. तेव्हा घोट घशाखाली उतरलेलाही नसतो.