तपासणीला आणताना आई-बाबांचा ‘अभ्यास’ घेऊ नका

आमच्याकडे स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी येणारी मंडळी दोन गोष्टी हमखास विचारतात. “एमआरआय नॉर्मल आला, मग आता हे कशाला?” आणि “मी आत बाबांजवळ बसलो तर चालेल ना?”

आधी एमआरआयचं. अल्झायमरचा बिघाड फार लवकर दिसतो तो चेतापेशींच्या जोडांवर, म्हणजे सिनॅप्सवर. बीटा-अमायलॉइड प्रथिनाचे बारीक पुंजके तिथे अडथळा आणतात. नवी आठवण टिकायला जोड बळकट व्हावा लागतो. तो होत नाही आणि पुढे जोडच नाहीसे होतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी ही जागा, नेहमीच्या एमआरआयला कशी दिसणार? मेंदूच्या आजारांचे संशोधक रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की, बुद्धी किती मंदावली याचा मेळ मेंदूत साठलेल्या प्रथिनांच्या गाठी-चकत्यांपेक्षा जोड किती उरले याच्याशी जास्त बसतो. नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, आणि त्याच्या शेजारचा भाग या बिघाडात लवकर सापडतो. म्हणून सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही, पण बहात्तरचा दुष्काळ बारकाव्यांसकट आठवतो. “बाबांना जुनं सगळं आठवतं हो,” एवढ्यावर म्हणूनच आम्ही निर्धास्त होत नाही.

आता खरी अडचण. बरेच जण मोबाइलवर प्रश्न शोधून घरी आठवडाभर सराव करून घेतात. तारीख, वार, घड्याळाचं चित्र, शंभरातून सात वजा. हेतू चांगला असतो, पण मग गुण फुगतात आणि आम्हाला काही महिने थांबून पुन्हा बोलवावं लागतं. तुमची फेरी वाया, आमचाही वेळ.

आत बसून हळूच सुचवणंही तितकंच नडतं. आम्ही काही शब्द सांगतो, मध्ये दुसरं काम देतो आणि मग ते शब्द विचारतो. आठवले नाहीत तर आम्हीच ठरलेल्या क्रमाने खूण देतो. खुणेने शब्द आला, तर तो आत साठलेला होता. नैराश्यात किंवा विचारांचा वेग नुसता मंदावला असेल तेव्हा असं बरेचदा दिसतं. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये शब्द नीट साठतच नाही, त्यामुळे खुणेचाही फारसा उपयोग होत नाही. मुलीने आधीच “अगं आई, फळाचं नाव!” म्हटलं की हा फरक कळायची वाट बंद. म्हणून नातेवाइकांना बाहेर बसवतो. राग मानू नका. तुमच्याशी वेगळं, सविस्तर बोलतो. त्याचे पैसे वेगळे नाहीत.

दहा मिनिटांत गुण लिहून देणारे आहेत. आम्ही दीड तास घेतो आणि अहवाल तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना समजेल असा लिहितो. आजाराचं निदान तेच करतील. मेंदूची टॉनिकं आमच्याकडे मिळत नाहीत.

येताना चष्मा, श्रवणयंत्र आणि चालू औषधांची यादी आणा, झोपेची गोळी असेल तर तीही लिहा. बी-१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट असतील तर उत्तम. विसरण्याचं कारण तिथेही सापडू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आदल्या रात्री जागरण नको. वेळ शक्यतो सकाळची मागून घ्या.