हिचं ध्यान जातं कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पोरांना कागदी भिंगऱ्या करायला शिकवत होतो. फुंकाफुंक जोरात सुरू होती. तिसरीतली एक मुलगी मधेच थांबली. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडताहेत, भिंगरी तोंडासमोर तशीच. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा फुंकायला लागली. बाई म्हणाल्या, "हिचं असंच राहते जी सर. ध्यानच नसते. श्रुतलेखनात मधलेच दोन शब्द गायब!"

मिरगी म्हणजे धाडकन पडणं, तोंडाला फेस, एवढंच आपल्याला ठाऊक. पण बाईंनी सांगितलेली लक्षणं ॲबसेन्स सीझरशी, म्हणजे काही सेकंद भान हरपण्याच्या झटक्याशी जुळतात, आणि तीही मिरगीच. साधारण ४ ते १० वर्षांच्या वयात सुरू होते, दिवसातून कित्येकदा येऊ शकते.

एरवी मेंदूचा पृष्ठभाग म्हणजे मधल्या सुट्टीतला गलका. या झटक्यात मात्र तिथल्या सगळ्या पेशी लेझमीच्या ठेक्यावर येतात, सेकंदाला साधारण ३ ठोके. मेंदूतली वीज टिपणाऱ्या ईईजीच्या आलेखावर हा ठेका स्वच्छ दिसतो. तो धरला जातो मेंदूच्या आतल्या थॅलॅमसच्या साथीने. तिथल्या पेशींना कॅल्शियम आत घेणारी 'टी' प्रकारची दारं असतात. जागेपणी त्यांतल्या बहुतेकांना अडसर असतो. गंमत अशी, की शेजारच्या निरोधक पेशींनी थॅलॅमसच्या पेशीला दाबलं, तिचं व्होल्टेज उणे ८० मिलिव्होल्टच्या दिशेने घसरलं, की तो अडसर निघतो. दाब ओसरला की दारं खाडकन उघडतात, कॅल्शियम घुसतं, पेशी विजेची सरबत्ती पृष्ठभागाकडे सोडते. पृष्ठभाग उलट निरोप धाडतो, तो त्या निरोधक पेशींनाही मिळतो. त्या पुन्हा दाबतात. चक्र फिरतं. म्हणजे इथे गप्प बसवणंच पुढच्या गोंगाटाची तयारी करतं! इथोसक्सिमाइड हे औषध ही टी-दारंच रोखतं. उलट मिरगीवर एरवी चालणारं कार्बामाझेपीन हे झटके वाढवू शकतं. म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या आपल्या पोराला देऊ नयेत.

आणि भिंगरी? जोरजोरात श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने हा झटका चाळवतो. ईईजी काढताना डॉक्टर मुद्दाम तीनेक मिनिटं असंच करायला लावतात. वर्गात हा प्रयोग करून बघू नये.

आता धाडकन पाडणारा मोठा झटका. कांदा, चप्पल हुंगवून तो थांबत नाही. तो बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जातं. उतारा टाकणाऱ्याचा धंदाही याच हिशेबावर चालतो. पोराला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर ठेवा, तोंडात चमचा घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांपुढे गेला तर १०८ला फोन.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत तपासणीला येतं, त्याच्या यादीत झटक्यांचे आजारही आहेत. त्याची वाट न बघता मुलीच्या आईला ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितलं. बाईंनी श्रुतलेखनाची वही सोबत दिली. कुठल्या ओळीत शब्द गळतात, ते डॉक्टरांना दिसू दे.