वर्ष उलटलं तरी हात परत येऊ शकतो

'सहा महिन्यांत जेवढा हात आला तेवढाच, आता पुढे काही नाही.' पक्षाघात झालेल्या घरात हे हमखास ऐकायला मिळतं, आणि रुग्ण व्यायाम सोडून देतो. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, नंतर वेग मंदावतो, हे खरंच आहे. पण ती थांबतेच असं नाही.

यामागचं कारण एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला माकडांवरच्या प्रयोगांत उमगलं. माकडाच्या एका हाताकडून संवेदना आणणाऱ्या नसा कापल्या, स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मात्र शाबूत ठेवल्या. तरीही माकड तो हात वापरेना. मग चांगला हात बांधून ठेवला, तर तोच निकामी हात घास उचलू लागला! इजेनंतर सुरुवातीला हात खरोखरच हलत नाही. प्रत्येक प्रयत्न फसतो आणि दुसऱ्या हाताने काम पटकन होतं. मेंदू यातून 'हा हात वापरायचा नाही' असं शिकतो. पुढे मज्जासंस्था सावरली, तरी हे शिकणं टिकून राहतं. न वापरलेल्या हाताचं मेंदूतलं क्षेत्रही आकसतं, त्यामुळे हालचाल आणखी अवघड होते.

टाउबने यावरून बसवलेला उपचार हीच साखळी तोडतो. दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा आणि रोज कित्येक तास दुबळ्या हाताचा सराव. पेला उचलायचा असेल तर आधी तो टेबलावर नुसता सरकवायचा, मग बोटभर उचलायचा, मग तोंडापर्यंत न्यायचा. जमेल तसं काम किंचित अवघड करत जायचं. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीत (२००६) नेहमीच्या उपचारांपेक्षा याने जास्त फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतलं हे क्षेत्र मोजलं, तेव्हा हाताचं आकसलेलं क्षेत्रही पुन्हा वाढलेलं दिसलं.

मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत, ही मात्र अट. मोजाही मनानेच चढवू नये. तोल जात असेल तर पडण्याचा धोका असतो. आणि 'महिन्यात हात पूर्ववत' म्हणणाऱ्या तेला-गंड्यांवर पैसा घालवू नका. या उपचारातलं औषध म्हणजे हजारो वेळा केलेली हालचाल.

मानेतल्या व्हेगस नसेला सरावाच्या वेळी सूक्ष्म विद्युत धक्के देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत नऊ महिने ते दहा वर्षांपूर्वी पक्षाघात झालेले १०८ रुग्ण होते. लक्षणीय सुधारणा धक्के घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांत दिसली, नुसता सराव करणाऱ्यांपैकी २४ टक्क्यांत. सराव दोन्ही गटांनी सारखाच केला होता.